मोऱ्या मोजणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीच्या एसटीनं प्रवास करताना हे दृश्य तुम्ही कधी तरी पाहिलं असेल. गाडी अचानक हळू होते. पुढे पिवळा दिवा फिरवत एक जीप चाललेली असते, तिच्यामागे लाल झेंड्या घेतलेली पोरं, आणि त्यांच्यामागे ताडपत्रीत गुंडाळलेलं काही तरी अवाढव्य. चाकं इतकी, की मोजता मोजता आकडा चुकतो. अर्ध्या तासात दीड किलोमीटर पुढे गेलं तर गेलं. मागच्या सीटवरून कुणी तरी खात्रीनं सांगतं, "रॉकेट असणार."

बहुतेक वेळा ते रॉकेट नसतं. वीज केंद्राचा ट्रान्सफॉर्मर असतो, बॉयलरचा ड्रम असतो, जनरेटर किंवा टर्बाइन असतं. आमच्या धंद्यात या सगळ्याला एकच नाव आहे, ओडीसी. ओव्हर डायमेन्शनल कार्गो. म्हणजे कायद्यानं ट्रकला जेवढी लांबी, रुंदी, उंची आणि वजन ठरवून दिलंय, त्यात न मावणारा माल.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं या मालाच्या पुढे चालण्यात गेली. माझं काम रूट सर्वेचं. बंदरात जहाज लागायच्या कित्येक महिने आधी आम्ही तीन-चार जण जीप, टेप आणि एक लांब बांबू घेऊन निघायचो, ते थेट वीज केंद्राच्या फाटकापर्यंत. वाटेतला प्रत्येक पूल, प्रत्येक वळण, आडवी गेलेली प्रत्येक वायर, टोलनाक्याची प्रत्येक लेन, कमानी आणि पुढाऱ्यांचे फ्लेक्सही, सगळं वहीत उतरवायचं. आणि मोऱ्या. सगळ्यात जास्त मोऱ्या. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जावं म्हणून बांधलेल्या, गाडीतून जाताना तुमच्या लक्षातही न येणाऱ्या.

आधी ते वाहन कसं चालतं ते सांगतो, म्हणजे मोरीचं महत्त्व कळेल. वायूवर चालणाऱ्या मोठ्या वीज केंद्राचं एक टर्बाइन ३०० टनांच्या आसपास भरतं. आपल्या रस्त्यावरच्या मोठ्यात मोठ्या नेहमीच्या ट्रेलरला मालासकट ५५ टनांची मर्यादा आहे. मग हे ३०० टन न्यायचे कसे? वजन कमी करता येत नाही, ते फक्त वाटता येतं. म्हणून हायड्रॉलिक अ‍ॅक्सलचा ट्रेलर. त्यात अ‍ॅक्सलची एक-एक ओळ सुटी असते आणि प्रत्येक ओळीला आठ टायर. हव्या तेवढ्या ओळी एकमेकींना जोडायच्या. एका ओळीनं रस्त्यावर १८ टनांहून जास्त भार टाकायचा नाही असं धरलं, आणि त्यात ओळीचं स्वतःचं चारेक टन वजन मोजलं, तर ३०० टनांसाठी बावीसेक ओळी लागतात. म्हणजे १७६ टायर. दोन ओळींत दीड मीटर अंतर, तेव्हा नुसता ट्रेलरच ३० मीटरच्या पुढे जातो. त्याला ओढायला पुढे पुलर, चढ असेल तर दोन पुलर, कधी मागून रेटायला आणखी एक.

यातली खरी गंमत मात्र टायरमध्ये नाही, तेलात आहे. प्रत्येक अ‍ॅक्सलवर तेलाचा दट्ट्या असतो आणि हे दट्टे नळ्यांनी एकमेकांशी जोडलेले असतात. एक चाक खड्ड्यात उतरलं की तेल तिकडे धावतं, दट्ट्या लांब होतो, आणि ते चाकही आपल्या वाटणीचा भार उचलत राहतं. खाली रस्ता वर-खाली होतो आणि वरचं टर्बाइन ताटातल्या पाण्यासारखं समतल राहतं. ट्रेलरच्या बाजूनं एक माणूस सतत चालत असतो, नजर दाबाच्या काट्यांवर. वळणावर मागची चाकं वेगळी वळवावी लागतात, ते बघणारा दुसरा. घाटातल्या वळणावर या दोघांचं जे चालतं, त्याच्यापुढे मला अजूनही कुठलं यंत्र मोठं वाटत नाही.

आता पूल. रस्ते-पुलांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमावलीत अशा वाहनासाठी एक भार सांगितलाय, ३८५ टनांचा. १८ टनांचे वीस अ‍ॅक्सल, वर पुलरचं वजन. पण त्याच्या अटी वाचा. पुलावर दुसरं एकही वाहन नको. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत. वाहन पुलाच्या मधोमध, मध्यापासून ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त हलायचं नाही. आणि हिशेबात ब्रेकचा जोर धरलेलाच नाही, म्हणजे पुलावर ब्रेक मारायचा नाही. तुमची एसटी पुलाच्या अलीकडे खोळंबते ती आमच्या मुजोरीमुळे नव्हे, या चार ओळींमुळे. शिवाय हे झालं नव्या पुलांचं. जुने पूल यापेक्षा कितीतरी कमी भारावर बांधलेले.

मोऱ्यांचं तर काही खरंच नसतं. विदर्भात एका सर्वेला कागदावर आम्हाला अकरा मोऱ्या दिसत होत्या आणि प्रत्यक्षात मोजल्या तेव्हाही अकराच भरल्या. खूश होऊन टपरीवर चहा घेत होतो. तिथे एक आजोबा म्हणाले, "सायेब, तुमी जिथं गाडी लावली ना, तिच्याखालून आमी लहानपणी बकऱ्या नेत होतो." उतरून पाहिलं. दोन्ही तोंडं गाळानं बुजलेली, वर बेशरम माजलेली, आणि आत जुनी दगडी कमान. पोकळ. आम्ही त्यावरच जीप उभी करून मोऱ्या मोजल्या होत्या! त्या दिवसापासून मी प्रत्येक गावात एका म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय सर्वे पुरा केला नाही.

मोरी भार घेणार नसेल तर दोन वाटा असतात. एक तर तिच्यावरून लोखंडी गर्डर टाकून तात्पुरता पूल करायचा, नाही तर बाजूनं उतरायचं. ओढ्याच्या पात्रात ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे मोठे नळ, टाकायचे, त्यावर मुरूम, रोलर फिरवायचा, आणि त्या कच्च्या रस्त्यानं माल पलीकडे न्यायचा. पावसाळ्याआधी सगळं काढून टाकायचं. निदान करारात तसं लिहिलेलं असतं.

या पाइप-मातीच्या रस्त्याची भारतातली सगळ्यात मोठी गोष्ट खरं तर भारताबाहेर घडली, आणि आज मला मुख्यतः तीच सांगायची आहे.

त्रिपुरात ओएनजीसीला वायू सापडला होता, पण तो तिथून बाहेर न्यायचा कसा? त्यापेक्षा तिथेच वीज करावी आणि तारांनी पाठवावी, असं ठरलं. उदयपूर गावाजवळ पालाटाणा इथे ७२६ मेगावॅटचं केंद्र. प्रश्न एवढाच उरला, की यंत्रं तिथे न्यायची कुठून. नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्रिपुराच्या तीन बाजूंना बांगलादेश. कोलकात्याहून भारताच्या हद्दीतून जायचं तर वर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून आसाम, मग मेघालयाचे डोंगर, बराक खोरं आणि मग त्रिपुराचे घाट. सोळाशेहून जास्त किलोमीटर. मेघालयात सोनापूरला पावसाळ्यात दरड कोसळली की साधे ट्रकसुद्धा कित्येक दिवस उभे. आणि रेल्वे? तेव्हा आगरतळ्याला मीटर गेज होती, आणि वाटेत आसामातल्या लमडिंग-बदरपूरच्या डोंगरात ३७ बोगदे. टर्बाइन काय, त्याचं झाकणही त्यातून गेलं नसतं. तेवढ्या वाटेवरच्या मोऱ्या मोजायला मला कुणी सांगितलं असतं, तर मी राजीनामाच दिला असता.

बांगलादेशातून गेलं तर? कोलकात्याच्या बाजूनं बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेवर, माल चढवायचा, सुंदरबनातून बांगलादेशच्या नद्यांत शिरायचं आणि वर मेघना नदीवरच्या आशुगंज बंदराला लागायचं. ही जलवाट नवी नव्हती, दोन देशांत १९७२ पासून तसा करारच आहे. नवं होतं ते आशुगंजहून पुढचं. तिथून आखाउडा सीमेपर्यंत जेमतेम ५० किलोमीटर रस्ता, आणि आखाउडा ओलांडलं की आगरतळा शहरच. जानेवारी २०१० मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात या मालासाठी आशुगंजची परवानगी आली. नोव्हेंबर २०१० मध्ये करार झाला, आणि २०११ मध्ये बार्ज आशुगंजला लागू लागले. पन्नास किलोमीटरच्या रस्त्यासाठी दोन पंतप्रधानांना बसून बोलावं लागलं, असा रूट सर्वे माझ्या तरी माहितीत दुसरा नाही.

पण पंतप्रधानांनी परवानगी दिली म्हणून मोरी भार घेत नाही. तो मुलूखच पाण्याचा. दर काही पावलांवर खाल, म्हणजे ओढा-कालवा, आणि मध्ये तितास नदी. ही मेघनेतूनच निघते आणि ब्राह्मणबाडिया जिल्ह्यात वळसे घेऊन पुन्हा मेघनेलाच मिळते. त्या रस्त्यावरचे पूल या वजनाला पुरणार नव्हते. मग तेच केलं, जे आम्ही सगळीकडे करतो. पुलांच्या बाजूनं मातीचे वळणरस्ते. पाण्यात पाइप, वर भराव. ओढ्यांत केलं तसंच तितासमध्येही केलं. वाहती नदी, आणि तिच्यात आडवा भराव.

माझ्यातला सर्वेवाला सांगतो, हिशेब बरोबर होता. नवा पूल बांधायचा म्हणजे वर्षं लागली असती आणि माल तर बंदरात येऊन पडलेला. पण माझाच धंदा असला तरी हे बोललं पाहिजे, की नदीला मोरी समजण्याची चूक तिथे झाली. ओढ्याच्या पात्रात पाइप टाकले तर पाणी जातं. तितासमधून नुसतं पाणी जात नाही, होड्याही जातात, मासे जातात, मासेमाराचा दिवस जातो. पाइपातून होडी जात नाही. २०११च्या अखेरीस हा प्रश्न ढाक्याच्या वर्तमानपत्रांत पेटला, मोर्चे निघाले. शेजारी देशाच्या विजेसाठी आमची नदी का अडवली, हा सवाल. पुढे माल पार झाल्यावर भराव काढायचं काम झालं. पण 'ट्रान्झिट' या शब्दाला तिथे जो कडूपणा चिकटला, त्यात या मातीचा वाटा मोठा होता.

त्या रस्त्यानं नव्वदच्या घरात अवजड नग गेले. जून २०१३ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते पालाटाण्याच्या पहिल्या संचाचं उद्घाटन झालं, १ डिसेंबर २०१४ला पंतप्रधान मोदींनी दुसरा संच राष्ट्राला अर्पण केला. वीज न्यायला पालाटाण्याहून सिलचरमार्गे बोंगाईगावपर्यंत ४०० केव्हीची साडेसहाशे किलोमीटरहून लांब लाइन टाकली गेली. म्हणजे ज्या डोंगरांतून टर्बाइन येऊ शकलं नाही, त्याच डोंगरांवरून त्याची वीज गेली.

कुणी म्हणेल, ही तर सीमेपलीकडची गोष्ट. बरं, घरचं घ्या. २०१९च्या जुलैत आपल्या महाराष्ट्रातून एक यंत्र तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघालं. वजन फक्त ७० टन, पण उंची साडेसात मीटर आणि रुंदी साडेसहाच्या वर. ७४ चाकांचा ट्रेलर. वाटेत वायरी उतरवा, झाडं छाटा, पूल टाळा, आणि त्यातच लॉकडाउन. पोचलं २०२०च्या जुलैत. सतराशे किलोमीटरला एक वर्ष! वजन कमी असलं म्हणून सुटका नाही. उंची मोठी असेल तर वीज मंडळाचा वायरमन हाच तुमचा पंतप्रधान. तो शटडाउन देईल तेव्हा हलायचं. आणि तो तरी काय करणार? लाइन बंद केली की गावातली गिरणी थांबते, पंप थांबतो, आणि शिव्या त्यालाच पडतात.

पालाटाण्याचा शेवट सांगायचा राहिला. २३ मार्च २०१६ला त्रिपुरातून बांगलादेशला वीज सुरू झाली, कुमिल्ल्याकडे, १०० मेगावॅट. कुमिल्ला आणि ब्राह्मणबाडिया हे शेजारशेजारचे जिल्हे. ही वीज मात्र तारांवरून गेली. कुणाला पाण्यात पाइप टाकावे लागले नाहीत.

नमस्कार.