शाईच्या गर्दीतून उमटलेली आकृती

पडद्यावर दिसणारा हा कागद लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेला आहे. त्याची उंची जेमतेम १३ सेंटिमीटर. फ्लॉरेन्समध्ये, साधारण १४७८ ते १४८१ या काळात, पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या लिओनार्दो दा विंचीने त्यावर मेरी, तिच्याजवळचा बाळ येशू आणि त्या बाळाच्या मिठीत न मावणारे मांजर रेखाटले. नीट पाहिले, तर मेरीला दोन डोकी आहेत. तिची मान कोणत्या बाजूला कलावी, हे लिओनार्दोचे ठरलेले नव्हते आणि ते ठरवण्यासाठीच तो रेषा ओढत होता.

मायफळ, हिराकस आणि डिंक यांपासून तेव्हा शाई करत असत. ती कागदावर काळी उमटे आणि काळाच्या ओघात तपकिरी होत जाई. ती सहजासहजी खोडता येत नसल्यामुळे नवी रेषा जुन्या रेषेवरच येई. चांदीच्या तारेने रेखाटायचे, तर कागदाला आधी लेप द्यावा लागे आणि हातही जपून चालवावा लागे. पिसाची लेखणी मात्र चुळबुळणाऱ्या बाळाच्या वेगाने धावू शके. पुढे लिओनार्दोने कागद उलटला आणि पलीकडून दिसणाऱ्या रेषांच्या आधाराने तीच रचना डावी-उजवी बदलून पुन्हा काढून पाहिली.

चित्रकारांसाठी लिहिलेल्या टिपणांत तो सांगतो, की आकृतीचे अवयव आरंभीच रेखीव करू नयेत. कविता रचणारा कवी अक्षराच्या वळणाकडे लक्ष देत नाही आणि ओळी खोडायला कचरत नाही, तसेच चित्रकारानेही करावे. पिढ्यान्‌पिढ्या नमुना-वह्यांतील नेटक्या आकृत्या गिरवत आलेल्या कारागिरीच्या जगात हा सल्ला किती धाडसी होता, याची आज सहसा कल्पना येत नाही.

याच संग्रहालयातील मेरी आणि तिची आई संत अ‍ॅन यांच्या नंतरच्या रेखाटनात तर रेषांवर रेषा आणि त्यांवर शाईचे पातळ हात इतके चढले, की मधला भाग काळवंडून गेला. तेव्हा लिओनार्दोने त्या गर्दीतील हवी ती बाह्यरेषा टोकदार सळईने दाबून घेतली आणि कागदाच्या मागे उमटलेल्या खुणांवरून आकृती नव्याने काढली. लंडनच्याच नॅशनल गॅलरीत, आठ कागद जोडून कोळशाने आणि पांढऱ्या खडूने काढलेले त्याचे याच विषयावरील मोठे रेखाटन आहे; ते रंगवण्यासाठी फलकावर उतरवण्याचे काम त्याने कधी केले नाही.