प्रार्थनेत समोर कोण आहे?

प्रिय श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावानं आपणां सर्वांना सलाम.

आपल्या घरोघरच्या प्रार्थनासभांमधली एक सवय तुमच्याही कानावर असेल. कुणीतरी प्रार्थनेला सुरुवात करतं आणि दर अर्ध्या वाक्याला ‘प्रभू बापा’ येतं. ‘प्रभू बापा, आम्ही तुझे आभार मानतो, प्रभू बापा, या घराला, प्रभू बापा, आशीर्वाद दे.’ बोलताना आपण मध्येमध्ये ‘म्हणजे’ घालतो, तशी ती हाक पडत राहते. त्यात भक्ती नसते असं मी म्हणणार नाही. पण हाक मारली त्याच्याकडे लक्ष द्यायचं मात्र राहून जातं. तोंड प्रार्थना करतं, कान कुकरच्या शिट्ट्या मोजतात. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागण्याआधी पित्याचं नाव येतं, त्याचं राज्य येतं, त्याची इच्छा येते. समोर कोण आहे हे आधी ठरतं.

पवित्र शास्त्रात याचं एक फार बोलकं उदाहरण आहे. नहेम्याचं. यहूदी माणूस, पण चाकरी पारसच्या, म्हणजे इराणच्या राजाकडे, शूशनच्या राजवाड्यात, प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा. यरुशलेमेचा तट पडलाय, वेशी जळाल्यात, ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते. नीसान महिन्यात, म्हणजे चारेक महिन्यांनी, राजाच्या हाती द्राक्षारस देताना त्याचा उतरलेला चेहरा राजाच्या नजरेस येतो. तो घाबरतो. अर्तहशश्त राजा विचारतो, तुझं मागणं काय? आणि तिथं नहेम्या लिहितो की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं.

राजा समोर बसलाय, शेजारी राणी आहे, हातातलं काम सुटलेलं नाही. गुडघे टेकणं नाही, डोळे मिटणं नाही. एका श्वासाएवढी प्रार्थना, तीही कुणाला न कळता. राजापेक्षा मोठा कुणीतरी त्याच दालनात आहे, हे त्याला शोधावं लागलं नाही. का? पहिला अध्याय वाचा. मधल्या काळात तो रडला होता, उपास केले होते, रात्रंदिवस प्रार्थना केली होती. राजासमोरचा तो एक श्वास त्या महिन्यांतून आला होता.

सतराव्या शतकातल्या ब्रदर लॉरेन्सचं नाव या विषयात हमखास निघतं. आधी शिपाई, लढाईत जखमी झालेला. पुढे पॅरिसच्या कार्मेली मठात बंधू झाला आणि त्याला स्वयंपाकघर मिळालं. ते काम त्याला मुळीच आवडत नसे. मठासाठी द्राक्षारस आणायला बर्गंडीला धाडलं, तर पाय अधू असल्यामुळे नावेतल्या पिंपांवरून त्याला अक्षरशः लोळत पुढे सरकावं लागे. पण हे तुझंच काम आहे, असं तो देवाला सांगत असे. भांड्यांच्या खडखडाटातही देवाशी त्याचं बोलणं चालू असे.

त्याचं नाव घेऊन पुष्कळजण म्हणतात, मग वेगळी वेळ कशाला काढायची, आम्ही पोळ्या लाटताना प्रार्थना करतो, लोकलमध्ये करतो. करावी की! पण ब्रदर लॉरेन्स ज्या मठात राहत होता तिथं प्रार्थनेचे तास ठरलेले होते आणि तोही ते पाळत होता. शिवाय पहिली दहाएक वर्षं आपल्याला फार जड गेली, हे त्यानंच लिहून ठेवलंय. तेवढं सोडून नुसतं स्वयंपाकघर उचलणं मला पटत नाही.

आता एक प्रश्न राहतो. मला तर काहीच जाणवत नाही, असं सांगणारे खूप भेटतात, बहुतेक वेळा खालच्या आवाजात. त्यांनी बाविसावं स्तोत्र काढावं. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ देव दूर गेलाय, ही तक्रार स्तोत्रकर्ता देवाकडेच करतोय, आणि त्याला ‘माझ्या देवा’ म्हणतोय. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी हेच शब्द होते. तेव्हा मन कोरडं असेल तर भरून आल्याचा आव आणू नका. कोरडं आहे, एवढंच त्याला सांगा. आज रात्री कौटुंबिक प्रार्थनेला बसाल तेव्हा मागण्यांची यादी लगेच काढू नका. घटकाभर सगळ्यांनी गप्प बसा, लेकरांनाही चुळबुळ करू द्या, आणि मग कुणीतरी एकदाच म्हणा, ‘हे बापा’.