आत्याच्या अंगात यायचं, त्याला डेटाबेस काय म्हणतो?

(ग्रंथपाल दिनी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एका ग्रंथपाल बाईंनी केलेलं भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार. फळ्यावर विषय फार भारदस्त लिहिलाय, ‘मनोविकारांवरील शोधनिबंधांचा ग्रंथालयीन डेटाबेसमधील शोध’. सगळं सांगते. चाळीस मिनिटं दिली होतीत, त्यातली बारा स्वागतात गेली. आज १२ ऑगस्ट, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस. त्यांच्या ग्रंथालयाच्या पाच नियमांतला चौथा नियम सांगतो की वाचकाचा वेळ वाचवा. १९३१ साली छापून आलाय, सत्कार समितीपर्यंत अजून पोचायचाय.

तर मुद्दा. ‘मॅडम, माझ्या विषयावर काहीच मटेरियल नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकते. मटेरियल असतं. आपण त्याला ज्या नावाने हाक मारतो, ते नाव त्याला ठाऊक नसतं, एवढंच. आजाराला घरात एक नाव, दवाखान्यात दुसरं आणि डेटाबेसमध्ये तिसरं.

माझी आत्या. मंगळवारी आणि पौर्णिमेला तिच्या अंगात यायचं. केस सुटायचे, हुंकार सुरू व्हायचा, घुमायला लागायची. एरवी ‘तू मध्ये बोलू नकोस’ म्हणून तिला गप्प बसवणारे माझे वडील तेव्हा टोपी सारखी करून तिच्यापुढे हात जोडायचे. एकदा तिने घुमता घुमता सांगितलं, ‘परड्यातली म्हस विकायची न्हाई.’ नाही विकली. दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा चुलीपाशी, आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. आम्ही मुलं म्हणायचो, म्हैस देवीला आवडते की आत्याला? हसताय, पण माझ्या मते या प्रश्नात एक पीएचडी आहे.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी नेमका हाच विषय घेऊन आली. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, ‘गूगल कर.’ (मार्गदर्शक मंडळी पहिल्या रांगेत आहेत, मला दिसतायत. ते सर यांतले नव्हेत.) तिने केलं. मग माझ्याकडे येऊन एका मोठ्या, सगळे विषय असलेल्या डेटाबेसमध्ये, म्हणजे लेखांच्या संगणकीय सूचीत, ‘पझेशन’ (ताबा) असा एकच शब्द टाकला. हजारोंनी निकाल! पहिला लेख फुटबॉलवर: चेंडू जास्त वेळ ताब्यात ठेवणारा संघ जिंकतो का? दुसरा गांजा बाळगल्याच्या खटल्यांवर. तिसरा जमिनीच्या कब्जाचा. ती म्हणाली, ‘मॅडम, यात देवी कुठेच नाही.’ मी म्हटलं, देवी आहे गं, पण ती आयसीडीत राहते. आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी.

आम्ही दोघींनी कागद घेतला. डावीकडे आपले शब्द: अंगात येणं, वारं येणं, घुमणं, झपाटणं, बाधा, लागीर. तिने तिथेच सांगितलं, की गावात अंगात येणं वेगळं आणि लागीर होणं वेगळं. एक मानाचं, दुसरं उतरवायचं. हा फरक डेटाबेस तुम्हाला सांगणार नाही, तो तुम्हीच सोबत न्यायचा. उजवीकडे त्यांचे शब्द. आयसीडी-१० मध्ये एफ ४४.३, ‘ट्रान्स अँड पझेशन डिसऑर्डर्स’, म्हणजे तंद्री लागणं आणि अंगात येणं. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून, ट्रान्सची नोंद वेगळी आणि ‘पझेशन ट्रान्स डिसऑर्डर’ची वेगळी. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, ते ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’च्या (एकाच माणसात अनेक व्यक्तिमत्त्वं) निकषातच एका वाक्यात बसवलंय. त्याच निकषांत असंही आहे, की मान्य धार्मिक-सांस्कृतिक प्रथेचा भाग असेल तर तो विकार धरायचा नाही. म्हणजे आत्या बहुधा सुटली. मग मानववंशशास्त्राचं कपाट वेगळं, तिथे ‘स्पिरिट पझेशन’. ही यादी हातात आल्यावर दोन तासांत तिच्याकडे वाचायला इतकं जमलं, की आता नको म्हणाली.

गंमत म्हणजे आपला ‘धात’ (वीर्य जाऊन अशक्तपणा येतो ही तक्रार) हा शब्द मात्र जसाच्या तसा आत गेला. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. आज डीएसएम-५ च्या परिशिष्टातही ते आहे. पुरुषांच्या तक्रारीला देशी नावाने प्रवेश मिळाला, आत्याला इंग्रजी नाव घ्यावं लागलं. यावर मी अर्धा तास बोलू शकते—

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं.’ बरं. आता खरा विषय, पळत पळत.

नावं काळानुसार बदलतात. लढाईच्या धक्क्याने सैनिकांना जडणाऱ्या त्रासाला १९१५ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ लिहिलं. पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान डीएसएममध्ये आलं १९८० ला. ‘मॅनिक डिप्रेसिव्ह’चा (कधी उन्माद, कधी खिन्नता) ‘बायपोलर’ झाला, तोही १९८० च्या डीएसएम-३ मध्ये. जुनं संशोधन हवं असेल तर जुनं नाव टाका.

सायकइन्फो हा मानसशास्त्राचा आणि पबमेड हा वैद्यकाचा डेटाबेस; दोन्हींत विषयशीर्षकांचा, म्हणजे लेखांना लावायच्या ठरावीक नावांचा, कोश असतो; आधी तो उघडा. पबमेडच्या कोशाला मेश म्हणतात. त्यात ‘डिप्रेशन’ म्हणजे मनाची खिन्न अवस्था आणि ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ म्हणजे आजार. दोन शीर्षकं, दोन वेगळे ढीग. नुसता ‘डिप्रेशन’ हा शब्द सर्व विषयांच्या डेटाबेसमध्ये टाकलात तर बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आणि १९२९ नंतरची महामंदीही दारात येते. पण फक्त शीर्षकावर विसंबू नका. पबमेडमधल्या सगळ्याच लेखांना ते लावलेलं नसतं, म्हणून साधे शब्दही जोडा.

एकाच अर्थाचे शब्द कंसात, मध्ये ‘ऑर’. दोन वेगळ्या कल्पनांमध्ये ‘अँड’. ‘नॉट’ला हात लावू नका, त्याच्यासोबत कामाचे लेखही जातात. शब्दसमूह अवतरणात टाकलात की पबमेड आपल्या मनाने समानार्थी शब्द जोडणं थांबवतं, तेव्हा विचार करून टाका. शब्दाच्या शेवटी चांदणी (*) दिली की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द येतात. एकाने ‘डिप्रेस’पुढे चांदणी दिली आणि डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या पट्टीवरचा लेख घेऊन आला.

‘फुल टेक्स्ट’ची चौकट आधीच टिचकवू नका. आधी काय आहे ते बघा, मग मिळवायचं कसं ते मला विचारा, त्याचाच पगार घेते. ‘पीअर रिव्ह्यूड’ची (तज्ज्ञांनी तपासलेलं) खूण केलीत तरी संपादकीय आणि पुस्तक परीक्षणं गाळून निघत नाहीत, नजर ठेवा. एक चांगला लेख सापडला की त्याची संदर्भसूची मागे आणि त्याचा दाखला देणारे पुढे, असं दोन्हीकडे चाला. प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं संकेतस्थळ, तिथे मराठी विभागातले आणि समाजशास्त्रातले प्रबंधही बघा, अंगात येण्यावरचं काम मानसशास्त्राच्याच नावाखाली असेल असं नाही.

आणि वही. कुठल्या डेटाबेसमध्ये, कुठल्या तारखेला, कुठले शब्द टाकले, किती निकाल आले, ते लिहा. त्या मुलीची वही माझ्या टेबलावर आहे, मागाहून येऊन बघा. पहिल्या पानावर तिने लिहिलंय: ‘पझेशन. फुटबॉल. रद्द.’

हो, थांबते. चहा आलाय.