दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे अठरा महिने

(विदर्भातील एका तालुक्याच्या गावी भरलेल्या स्वयंसेवक मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि कापूस वेचणीच्या ऐन हंगामात मजुरी आणि घरची कामे बाजूला ठेवून आलेल्या बंधू-भगिनींनो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘गावपातळीवर आत्महत्या प्रतिबंधाचे काम कसे उभारावे’ असा छापलेला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. परंतु जी गोष्ट मी भेटेल त्याला सांगत आलो आहे, ती आज इतके कार्यकर्ते समोर असताना सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. आपल्याकडे आत्महत्येसंबंधी जे शासकीय आणि सामाजिक काम चालते, त्यातले बहुतेक मृत्यू झाल्यानंतर सुरू होते. ज्याने प्रयत्न केला आणि जो सुदैवाने वाचला, त्याचे नाव मात्र आपल्या कोणत्याही वहीत नसते.

शेतकऱ्याचा मृत्यू झाला की काय होते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. पंचनामा होतो, तलाठी येतात, तहसील कार्यालयातून प्रस्ताव वर जातो आणि तो ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हा समितीत ठरते. सातबारा मृताच्या नावावर होता काय, कर्ज बँकेचे होते की खाजगी सावकाराचे, वसुलीचा तगादा लागला होता काय, हे सारे तपासले जाते आणि प्रकरण पात्र ठरले तर कुटुंबाला 1 लाख रुपये मिळतात, त्यांतले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीच्या रूपाने. ही मदत नको असे मी म्हणत नाही. उलट ती अपुरी आहे आणि ती मिळवण्यासाठी आपल्या भगिनींना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात, याचा मला मनापासून राग आहे. पण तो सारा खटाटोप गेलेल्या माणसाच्या कागदांचा असतो, आणि त्यातही ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, जो दुसऱ्याच्या शेतात राबतो किंवा ज्या मुलीचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांची दखल घेणारा रकानाच त्या कागदांत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 चे आकडे पाहा. त्या वर्षी महाराष्ट्रात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली, आणि त्यांत शेतकरी व शेतमजूर मिळून 4,248 होते. शेतीचे संकट खरेच आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु उरलेली अठरा हजारांहून अधिक माणसेही याच राज्यातली होती आणि त्यांच्यातल्या कित्येकांची घरे आपल्यासारख्याच गावांत असणार.

आता जो वाचतो त्याचे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की प्रत्येक आत्महत्येमागे वीसहून अधिक माणसे प्रयत्न करून वाचलेली असतात, आणि पूर्वी केलेला प्रयत्न हाच पुढील धोक्याचा सर्वांत मोठा इशारा असतो. म्हणजे कोणाकडे लक्ष द्यायचे हे आपल्याला आधीच कळलेले असते. तरीही तो माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा काय घडते? मी इथे एक विचारतो, कृपया हात वर करावेत. गेल्या वर्षभरात तेरवीला किती जण गेलात? जवळजवळ सगळेच. आणि अशा प्रसंगातून वाचून परतलेल्या माणसाच्या घरी, त्याच्यासाठी म्हणून, किती जण गेलात? (चार-पाच हात वर झाले.) या चार-पाच जणांना मी सभा संपल्यावर भेटणार आहे, कारण इथे शिकवण्याचा खरा अधिकार त्यांचा आहे.

बाकीचे का गेले नाहीत, हेही मला ठाऊक आहे आणि त्यात निष्ठुरपणा मुळीच नाही. काय बोलावे हे सुचत नाही, विषय काढला तर जखम पुन्हा उघडेल असे वाटते, आणि पोलिसांत प्रकरण गेलेले असल्याने उगाच साक्षीला ओढले जाऊ ही भीतीही असते. घरचे लोक दार लोटून घेतात, मुलीच्या सोयरिकीवर परिणाम होईल म्हणून पोटदुखीचे कारण सांगतात, आणि पारावर कोणीतरी ‘नाटक केलं’ असे म्हणून जातो. मित्रहो, हे वाक्य ज्याच्या कानावर पडते, त्याचे पुन्हा कोणाला काही सांगण्याचे सारे रस्ते त्या दिवशी बंद होतात. पारावर हे कानी आले तर तिथल्या तिथे अडवा. स्वयंसेवकाच्या कामाची सुरुवात तिथूनही होऊ शकते.

कायद्याच्या भीतीबद्दल दोन वाक्ये सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार, अन्यथा सिद्ध झाल्याशिवाय, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवता येत नाही आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. जुन्या दंडसंहितेतील, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे 309 कलमही 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्या स्वरूपात राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच तरतूद तिथे उरली आहे. हे गावोगावी सांगितले पाहिजे, कारण गुन्ह्याच्या धास्तीने उपचार लपवणारी घरे आजही आहेत.

माझ्या आग्रहाला आधार काय, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला; त्यांत आपले चेन्नई आणि श्रीलंकेतील कोलंबो ही शहरेही होती. प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या 1,867 जणांना त्यात सहभागी करून घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, आणि उरलेल्यांना घरी सोडताना सुमारे तासभर समजावून सांगितले व नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा फोनने किंवा भेटीने विचारपूस केली: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांच्या गटात 2.2 टक्के माणसे आत्महत्येने गेली, तर विचारपूस झालेल्या गटात 0.2 टक्के. त्या भेटी घेणारे प्रशिक्षित आरोग्यकर्मी होते, हे मी मुद्दाम सांगतो, म्हणजे आपण डॉक्टरांची जागा घेऊ शकतो असा समज होणार नाही. पण ठरलेल्या तारखेला, न विसरता, पुन्हा जाणे हे तर आपल्यालाही साधणारे आहे, आणि अठरा महिन्यांची मुदत आपल्या शेतीला फार जवळची आहे. कारण ज्या हंगामात घाव बसला, तो हंगाम तेवढ्या काळात एकदा तरी फिरून येतो.

याचे मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. गाव सांगत नाही आणि तपशीलही ओळख पटणार नाहीत इतपत बदललेले आहेत. बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक गेलेले, दोन ठिकाणचे कर्ज, आणि त्यातून ओढवलेला प्रसंग. माणूस वाचून घरी आला. बचत गटाच्या एका अध्यक्षबाईंनी त्या घरी जायचे ठरवले, पण खेड्यात कोणी कोणाकडे कारणाशिवाय वारंवार गेले की चर्चा होते, म्हणून पहिल्या आठवड्यात त्या गव्हाची चाळणी मागायला गेल्या आणि दुसऱ्या आठवड्यात ती परत करायला. नंतर पीक विम्याच्या अर्जाचे काम निघाले, मग गटाच्या हप्त्याचे, मग पुन्हा चाळणीचे. भेटीच्या तारखा त्यांनी घरच्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाच्या फुल्यांमध्येच, पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या घरातही कोणाला पत्ता नव्हता. अकराव्या आठवड्यात त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा तो गृहस्थच म्हणाला, “बाई, गहू तं कवाचा सरला, तुमची चाळणी काही सरत नाही.” बाईंनी विचारले, “मग चाळणीबिगर बसू का?” तो म्हणाला, “बसा.” आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला. पीक, कर्ज, भावाशी असलेला धुऱ्याचा म्हणजे शेताच्या बांधाचा वाद, रात्री झोप न येणे, सगळे. बाईंनी सल्ला दिला नाही, देवाधर्माचे दाखले दिले नाहीत, ‘पोराबाळांचा विचार करायचा होता’ असे तर चुकूनही म्हटले नाही. शेवटी त्यांनी सरळ विचारले, “भाऊ, आता पुन्हा जीव द्यावासा वाटते का?” तो म्हणाला की कधीकधी वाटते. दुसऱ्या दिवशी बाईंचे यजमान त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेले. आज तो शेती करतो आहे. धुऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही, कर्जही पुरते फिटलेले नाही, पण गोळ्या नियमित चालू आहेत आणि बाईंचे जाणे-येणेही.

असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. थेट पण मायेने विचारल्याने माणसाला मोकळे होता येते.

सूत्रसंचालकांची दुसरी चिठ्ठी आली आहे आणि पत्रिकेवरचा विषय तर आता कुठे सुरू होतो आहे, म्हणून उरलेले झपाट्याने सांगतो.

स्वयंसेवक निवडताना भाषण करणारा शोधू नका, ज्याच्याजवळ गावाची गुपिते आजवर सुरक्षित राहिली आहेत असा शोधा. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि स्थानिक समुपदेशक यांच्या बळावर काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पानेही गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचे आणि गरजूंना पुढे नेऊन पोहोचवण्याचे शिक्षण दिले.

कीटकनाशकांच्या साठ्याचा प्रश्न ग्रामसभेत घ्या. श्रीलंकेत घराघरांत कुलपाच्या पेट्या देऊन मोठा अभ्यास झाला, त्याचा उपयोग दिसला नाही. मात्र तिथल्या सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण वीस वर्षांत सुमारे 70 टक्क्यांनी घटले. तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात गावाची सामायिक कोठी करून पाहिली गेली आणि तिचे निष्कर्ष आशादायक होते. बंदीची मागणी शासनाकडे आणि सामायिक कोठीचा ठराव ग्रामसभेत, असे दोन्ही एकदम चालू द्या.

धोका आत्ताच आहे असे वाटले तर त्या माणसाला एकटे सोडू नका, घातक वस्तू त्याच्या आवाक्यातून दूर करा आणि त्याला सोबत घेऊन दवाखाना गाठा. अशा वेळी गुप्ततेचा शब्द बाजूला ठेवावा लागतो आणि तो तसा ठेवावा लागेल, हे आधीच सांगून ठेवावे. ‘टेलि-मानस’ या शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, त्यावर मराठीतून बोलता येते आणि तो मोफत आहे. तो तुमच्यासाठीही आहे, कारण हे ऐकून घेण्याचा भार तुमच्यावरही येणार आहे. म्हणून महिन्यातून एकदा स्वयंसेवकांनी एकत्र बसून आपलेही मन हलके केले पाहिजे, आणि त्या बैठकीला आशाताई व प्राथमिक आरोग्य केंद्रातील कोणीतरी असावे.

नावे नोंदवून घेण्यासाठी मी मागच्या दाराशी थांबतो आहे. प्रत्येक गावातून किमान दोन नावे हवीत, म्हणजे एकाला पेरणी-वेचणीत सवड झाली नाही तरी ठरलेली तारीख चुकणार नाही. आणि त्या दोघांत एक बाई असावीच, कारण नवी सून किंवा वयात आलेली मुलगी संकटात असते, तेव्हा माजघरापर्यंत जाऊन तिच्याशी बोलणे पुरुष स्वयंसेवकाला बहुतेक घरांत शक्य होत नाही.