बेल्जियमची मिठाई, जपानची भेट

मित्रहो, १ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘निहोन केइझाई शिंबुन’ या जपानच्या आर्थिक दैनिकात गोदिवा या बेल्जियन चॉकलेट कंपनीची पानभर जाहिरात आली. व्हॅलेंटाइन डे दोन आठवड्यांवर होता, म्हणजे चॉकलेटवाल्यांची सुगी. आणि जाहिरात सांगत होती की जपाननं आता गिरि-चोको थांबवावं.

गिरि-चोको म्हणजे ऑफिसातल्या स्त्रियांनी सहकाऱ्यांना, साहेबांना रीत म्हणून द्यायचं चॉकलेट, मनात असो वा नसो. मग १४ मार्चला, व्हाइट डेला, पुरुषांनी परतफेड करायची. ब्रुसेल्समध्ये १९२६ साली सुरू झालेली आणि १९७२ पासून जपानात दुकान मांडून बसलेली गोदिवा या रिवाजावरच वाढली होती. तरी तिनं त्यातल्या ओझ्यावर बोट ठेवलं. द्यायचं तर मनापासून द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. मला ही जाहिरात फार मोलाची वाटते. जपानी गिऱ्हाईक चॉकलेट घेतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुतेकदा दुसरा माणूस असतो. तो डबा कुणाच्या हातात जाणार, त्याला काय वाटणार, याचा विचार आधी होतो आणि चवीचा नंतर. जपानात उतरू पाहणाऱ्या प्रत्येक बेल्जियन कारखानदारानं सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि गंमत अशी, की हे ज्ञान बेल्जियमच्या घरचंच आहे. ब्रुसेल्सच्या गॅलरी द ला रेन या छपराखालच्या बाजारपेठेत नॉयहाउस घराण्याचं दुकान १८५७ पासून. मूळ धंदा औषधांचा. १९१२ साली जाँ नॉयहाउस यांनी आत मऊ सारण भरलेलं चॉकलेट काढलं, तेच प्रालीन. पण कागदाच्या पुडीत खालची प्रालीनं दबून चिरडायची. त्यांच्या पत्नी लुईझ आगोस्तिनी यांनी १९१५ मध्ये त्यासाठी पुठ्ठ्याचा डबा तयार केला, ‘बालोतँ’. प्रालीन भेट म्हणून नेता येऊ लागलं, त्याचं श्रेय या बाईंना दिलं पाहिजे.

जपानी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातला खाद्यविभाग, त्याला देपाचिका म्हणतात, तिथे हा डबा चांगला शोभतो. मात्र तिथल्या अपेक्षा काटेकोर आहेत. कोपरा चेमटलेला चालत नाही. आतला प्रत्येक तुकडा कोणत्या सारणाचा, ते सांगणारा कागद हवा. बिस्किट असेल तर एकेक वेगळं गुंडाळलेलं हवं, कारण प्रवासाहून आणलेला खाऊ, ओमियागे, ऑफिसात टेबलोटेबली वाटायचा असतो. होक्काइदोचं ‘शिरोई कोइबितो’ हे पांढऱ्या चॉकलेटचं बिस्किट १९७६ पासून याच वाटपावर मोठं झालं. अवजड किलोभर पाकीट तिथे कुणाच्या उपयोगाचं?

स्वतःसाठी घेणारेही आता बरेच आहेत, आणि ते फार जाणकार आहेत. तोक्योत इसेतान हे डिपार्टमेंट स्टोअर २००३ पासून हिवाळ्यात ‘सलाँ द्यु शोकोला’ हा चॉकलेटचा मेळा भरवतं. लोक रांगेत उभे राहून चॉकलेट बनवणाऱ्याची डब्यावर सही घेतात. म्हणून सांगतो, नुसता विक्री प्रतिनिधी पाठवू नका. ज्याच्या हातानं माल घडतो त्यानं स्वतः यावं. बेल्जियन चॉकलेटकार पिएर मार्कोलिनी यांनी २००१ मध्ये तोक्योच्या गिंझा भागात दुकान उघडलं ते स्वतःच्या नावानं, आणि त्या नावालाच तिथे किंमत आहे.

चवीबद्दल मात्र घाई करू नये. जपानात जायचं म्हणजे सगळ्यात माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घालायची, असा एक समज आहे. माच्चाची चॉकलेटं जपानी कंपन्या उत्तम करतात. बेल्जियमकडून तिथल्या गिऱ्हाइकांना हेझलनटचं प्रालीन हवं आहे.

बिस्किटांच्या बाबतीत एक धागा कुणी नीट पकडलेला मला दिसत नाही. स्पेक्युलोस हे बेल्जियमचं दालचिनीचं कुरकुरीत बिस्किट, ६ डिसेंबरच्या संत निकोलसच्या सणाचं, कोरीव लाकडी साच्यात घडवलेलं. आणि क्योतोचं यात्सुहाशी? तेही दालचिनीचंच, भाजलेला प्रकार तर खुसखुशीत. क्योतोला सहलीला गेलेल्या जपानी माणसाला हा स्वाद लहानपणापासून ओळखीचा असतो. लोटस कंपनी १९३२ पासून बेल्जियममधल्या लेम्बेके गावात असं बिस्किट करते आणि कॉफीसोबत एकेक पाकिटात देते. पण साच्यातलं, नक्षीचं स्पेक्युलोस सुंदर डब्यात घालून, सणाची हकिकत सांगून विकायला भरपूर वाव आहे.

जकातीची फार काळजी नको. युरोपीय संघ आणि जपानचा व्यापार करार १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे आणि तिचे दर टप्प्याटप्प्यानं उतरत आहेत. लेबल मात्र जपानीतच लागतं. ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीत २०२३ साली अक्रोड आला, ते सारण करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

उरतो उन्हाळा. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि तोक्योचा जुलै तेवढा सहज तापतो. त्यामुळे चॉकलेटवाले ते महिने हातचे गेले असं धरतात. पण ओचुगेन, म्हणजे ज्यांचे उपकार आहेत त्यांना पाठवायची उन्हाळी भेट, नेमकी जुलैत येते. तिथे बिस्किटं पाठवा. स्टोअरमधली निवड काही महिने आधीच ठरते, तेव्हा बोलणी हिवाळ्यात, चॉकलेटची गडबड चालू असतानाच सुरू करावी लागतील.