ओन्फीमच्या गावात

(दृश्य: वोल्खोव नदी, सकाळचं धुकं, पलीकडे लाल विटांची तटबंदी)

ही वोल्खोव नदी. इल्मेन सरोवरातून निघते आणि वेलिकी नोव्हगोरोदच्या मधोमध वाहत उत्तरेला जाते. डाव्या तीरावर किल्ला, उजव्या तीरावर जुना बाजार. मधल्या पुलावरून पायी दोन्हीकडे जाता येतं.

रशियाला जाणारे बहुतेक जण मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग बघून परततात. पीटर्सबर्गपासून हे गाव दोनशे किलोमीटरसुद्धा नाही. एक दिवस जास्तीचा काढा, पण इथं या. पीटर्सबर्गचा पाया १७०३ मध्ये घातला गेला, तेव्हा समोरचं हे सोफिया कॅथेड्रल साडेसहाशे वर्षांचं होतं.

(दृश्य: पांढऱ्या भिंती, मधला सोनेरी घुमट, क्रूसावरचं कबुतर)

त्या क्रूसावर शिशाचं एक कबुतर आहे. १५७० मध्ये रशियाचा झार इव्हान द टेरिबलने या गावात कत्तल केली. ती बघून एक कबुतर जागच्या जागी दगड झालं, अशी इथली आख्यायिका. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश सैनिकांनी हा क्रूस उचलून नेला. २००४ मध्ये तो परत आला आणि आता कॅथेड्रलच्या आत ठेवलाय. वर दिसते ती प्रतिकृती.

किल्ल्यातलं घंटेच्या आकाराचं भव्य स्मारक १८६२ सालचं. त्यावर राजे आहेत, सेनापती आहेत, संत आहेत. जरूर बघा. पण या गावाचं खरं धन त्याच्या मातीत आहे.

(दृश्य: उत्खननाचा खड्डा, एकावर एक ओंडक्यांचे थर)

इथली जमीन चिकणमातीची आणि सतत ओली. रस्ते चिखलात रुतायचे, म्हणून लोक त्यावर ओंडके अंथरायचे. ते रुतले की वर नवे. एका रस्त्याखाली असे २८ थर निघाले, दहाव्या शतकापासून पंधराव्यापर्यंतचे. ओल्या मातीत हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूड कुजलं नाही. आणि लाकडाबरोबर आणखी एक गोष्ट टिकली.

२६ जुलै १९५१. नीना अकुलोवा नावाच्या कामगार बाईला ओंडक्यांच्या फटीत बर्च झाडाच्या सालीची एक गुंडाळी सापडली. तिच्यावर अक्षरं होती. आपण ज्याला भूर्जपत्र म्हणतो, तेच. फक्त आपल्याकडे त्यावर शाईने लिहीत, इथं टोकदार सळईने कोरत. आजवर अशी अकराशेहून जास्त पत्रं निघाली आहेत. उधारी, भांडणं, घरचे निरोप. मिकिता उल्यानाला लिहितो, माझ्याशी लग्न कर. अकराव्या शतकातली एक बाई विचारते, तीनदा निरोप धाडला, मग या आठवड्यात तू का आला नाहीस? हे पत्र फाडून, त्याची गाठ मारून फेकलेलं सापडलं. कुणी फाडलं असेल?

(दृश्य: सालीचा तुकडा, अगदी जवळून)

आणि हा ओन्फीम. तेराव्या शतकातला, सहा-सात वर्षांचा मुलगा. करंडीच्या तळाच्या तुकड्यावर त्याने आधी मुळाक्षरं काढली. मग बा, वा, गा, दा. ते संपल्यावर बे, वे, गे, दे. आपल्या बाराखडीत अक्षर तेच राहतं आणि स्वर बदलतो. इथं स्वर तोच, अक्षरं बदलतात. घोकंपट्टी मात्र तीच.

मग कंटाळा आला असणार. दुसऱ्या एका सालीवर अक्षरं अर्धवट टाकून त्याने घोडेस्वार काढलाय. भाल्याने शत्रूला लोळवणारा. शेजारी नाव लिहिलंय, ओन्फीम. त्याच्या चित्रांतल्या माणसांचे हात बघा. दाताळ्यासारखे. बोटं कुठे तीन, कुठे पाच.

आता तो करंडीचा तुकडा उलटा करूया. मागे एक विचित्र प्राणी आहे आणि त्याच्याजवळ लिहिलंय, 'मी जंगली जनावर.' शेजारच्या चौकटीत मित्रासाठी निरोप: 'ओन्फीमचा दानिलाला नमस्कार.'