दिवाळीनंतरचे सत्र

[ओढ्याचे पात्र. सकाळ. काही क्षण फक्त पाण्याचा आवाज.]

नोव्हेंबर महिना आहे. दिवाळीची सुटी संपून माध्यमिक शाळेचे द्वितीय सत्र नुकतेच सुरू झाले आहे, आणि हा ओढा अजून वाहतो आहे. पाणी घोट्याएवढेच आहे, पण वाहते आहे. महाराष्ट्राच्या पठारावरचे असे कितीतरी ओढे पावसाळा सरल्यावर काही आठवडेच तग धरतात आणि मग त्यांच्या कोरड्या पात्रातून गुराढोरांची वाट पडते. त्यामुळे या सत्रातले पहिले काम पुढे ढकलता येत नाही. प्रथम सत्राच्या परीक्षेचे पेपर अजून मुलांच्या हाती आलेले नाहीत, तरी आठवी-नववीचे वर्ग फावडी, घमेली आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे गठ्ठे घेऊन शाळेपासून इथवर चालत आले आहेत.

हे पाणी अडवायला मुले जो बांध घालणार आहेत, त्याला वनराई बंधारा म्हणतात. मोहन धारिया यांनी स्थापन केलेल्या ‘वनराई’ या संस्थेच्या कामातून हे नाव रूढ झाले, आणि आज गावोगावी असा बंधारा कोणीही घालो, त्याला याच नावाने ओळखतात. त्याला सिमेंट लागत नाही, सिमेंट संपल्यावर उरलेली गोणी लागते. या गोण्या जमवण्याचे काम मात्र जूनमध्ये, शाळा उघडल्याबरोबर सुरू झालेले असते. ज्याच्या घरी किंवा आळीत बांधकाम चालू असेल, त्याने गोणी झटकून, धुऊन, वाळवून आणि घडी घालून आणायची. आणलेल्या गोण्यांची नोंद एका वहीत व्हायची. ही वही आम्ही चित्रित केली आहे. तारीख, नाव, गोण्या आणि शेरा असे चार रकाने तिच्यात आहेत, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘तळ फाटका, परत’ हे शब्द बऱ्याच वेळा आले आहेत. गोणी कडेला फाटली असेल तर शिवून चालते, तळाला फाटली असेल तर ती घ्यायची नाही, हा नियम मुलांनी आपला आपण केला आहे.

[गोणी भरणारे हात. जवळून.]

गोणी माती-वाळूने तोंडापर्यंत भरायची नसते. गच्च भरलेली गोणी गोल राहते, शेजारच्या गोणीला बिलगून बसत नाही, आणि दोहोंमधल्या फटीतून पाणी निघून जाते. पाऊण भरलेली गोणी पायाने दाबली की चपटी होते आणि आपली जागा धरते. ही गोष्ट वर्गात सांगून एका वाक्यात संपते. इथे ती कळायला पहिल्या दहा-बारा गोण्या रिकाम्या करून पुन्हा भराव्या लागल्या. ही मुलगी दाभणात सुतळी ओवून गोणीचे तोंड शिवते आहे. तिचा पहिला टाका सैल पडला, तो तिने उसवला. दुसरा घालताना तिने सुतळीचे टोक दातात धरले आहे, कारण दोन्ही हात गोणीच्या कडेला गुंतलेले आहेत. घरी कोणीतरी धान्याची पोती शिवताना तिने पाहिलेले असावे. असे टाके पाठ्यपुस्तकात नसतात.

पात्रातला सुटा गाळ आणि गोटे बाजूला करून आधी घट्ट तळ मोकळा केला जातो. त्यावर गोण्यांचा पहिला थर आडवा पसरतो. दुसरा थर ठेवताना खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरच्या गोणीचे पोट आले पाहिजे; भिंतीत विटा बसवताना सांधे चुकवतात, तसेच हे. फटींमध्ये चिकणमाती थापली जाते. बंधारा तळाशी रुंद असतो आणि वर निमुळता होत जातो. मध्यभागी तो मुद्दाम थोडा खाली ठेवतात, म्हणजे साठा भरल्यावर जादा पाणी त्या सांडव्यावरून वाहून जाते, काठ कापून नव्हे. घमेली हातोहात पुढे सरकावी म्हणून मुले ओढ्याच्या काठापासून पात्रापर्यंत रांगेत उभी आहेत. भरलेले घमेले एका बाजूने पात्राकडे जाते आणि रिकामे दुसऱ्या बाजूने परत येते. रांगेत सर्वांत जड जागा उताराच्या वळणावरची आहे, कारण तिथे घमेले घेऊन अंग वळवावे लागते. त्या जागेवर कोणी किती वेळ उभे राहायचे, हे ठरवायला शिट्टी आहे, आणि ती वर्गातल्या सर्वांत लहान चणीच्या मुलाच्या गळ्यात आहे.

[शिट्टी. रांग बदलते. येथे निवेदन थांबेल.]

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात नववी आणि दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. त्याला गुण नसतात, श्रेणी असते. या विषयाची वही पूर्ण करण्यासाठी ओढ्यापर्यंत जाण्याची सक्ती नाही, आणि न जाताही ती नीटनेटकी भरता येते, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. त्यामुळेच हा बंधारा शाळेच्या दप्तरात ‘इतर उपक्रम’ या शीर्षकाखाली जातो, याचे थोडे नवल वाटते.

शिक्षक-खोलीच्या भिंतीवर लावलेले हे वेळापत्रक पाहा. गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांचे तास सकाळी, मुले ताजी असताना आहेत. शारीरिक शिक्षण, कला आणि कार्यानुभव यांना दिवसाची शेपटी मिळाली आहे, आणि अभ्यासक्रम मागे पडला की पहिली कात्री याच शेपटीला लागते. वास्तविक हे तास कोणी दयेपोटी दिलेले नाहीत. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालातच अभ्यासपूरक कार्यक्रमांना शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले होते. ‘कार्यानुभव’ ही कल्पना १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाची. समाजसेवा हा शिक्षणाचा भाग असावा, अशीही शिफारस त्या आयोगाने केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासक्रमातले, अभ्यासपूरक आणि अभ्यासेतर अशी कडक विभागणीच नको, असे म्हटले. अहवालांची भाषा पुढे सरकत गेली. वेळापत्रकावरचा शेवटचा तास जागच्या जागी राहिला.

बंधारा पूर्ण झाला आणि पाणी सांडव्यापर्यंत चढले. आसपासच्या विहिरींना त्याचा किती लाभ झाला, याची मोजणी आम्ही केलेली नाही.

[वर्ग. दुपारचे ऊन बाकांवर.]

२० डिसेंबरला संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त मुलांनी गावाचे रस्ते झाडले. त्या दिवशी आमचा कॅमेरा तिथे नव्हता. तो पोचला तेव्हा नववीच्या वर्गात हस्तलिखिताचे काम मध्यावर आले होते.

शालेय हस्तलिखिताची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहीत असत. रोज नवा अंक, तोही छापखान्याशिवाय. या वर्गातला अंक वर्षातून एकदाच निघतो आणि त्याची प्रतही एकच असते. या एका प्रतीमुळे सगळे काम वेगळे होते. छापील अंकात चूक राहिली तर शुद्धिपत्र जोडता येते, मोबाईलवर लिहिताना चूक झाली तर बोट मागे नेता येते. इथे कार्डशीटवर काळ्या शाईने लिहिलेले अक्षर चुकले की पान नव्याने लिहावे लागते. पांढरी शाई लावायची नाही, ही संपादक मंडळाची अट आहे. मजकूर कोणी लिहिला आणि सुलेखन कोणी केले, ही दोन्ही नावे पानाच्या तळाशी येतात. ज्याला दोन ओळी सुचत नाहीत पण ज्याचे अक्षर मोत्यासारखे आहे, तोही अशा रीतीने अंकात येतो.

आधी पेन्सिलीने समास आखला जातो, मग फिकट रेघा. लिहून झाल्यावर शाई पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे आणि मगच त्या रेघा खोडायच्या. या थांबण्यात फार शिकण्यासारखे आहे, असे एका बाईंनी आम्हाला सांगितले. त्यांच्यामागे एका मुलाने त्याच वेळी घाई केली आणि ‘ओढा’ या शब्दाचा काना पानभर पसरला. ते पान आम्ही ठेवले आहे.

“बाई, ‘पाणी’तला ‘णी’ दीर्घ ना?”

“दीर्घच. पण ‘पाणिनी’ लिहिशील तेव्हा पुन्हा विचार.”

यंदाच्या अंकात बंधाऱ्यावर चार लेख आले आहेत. चारही लेखांत गोण्यांची संख्या वेगवेगळी आहे. संपादक मंडळाने वही मागवली, मोजणी केली आणि चौघांचेही आकडे बदलले. चौघांपैकी एकाने आपला आकडा बरोबर होता असे अजूनही धरून ठेवले आहे, कारण परत केलेल्या फाटक्या गोण्याही आणणाऱ्याने आणल्याच होत्या, असे त्याचे म्हणणे आहे. या मुद्द्यावर मंडळाची बैठक मधल्या सुटीत दोनदा झाली.

[मैदान. हलगी. धूळ.]

जानेवारीत मैदानावर लेझीम असते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती आणि १२ तारखेला जिजाऊंची, अशा दोन्ही दिवशी भाषणे होतात, आणि त्यांच्या पुढे-मागे सव्वीस जानेवारीच्या संचलनाची आणि लेझमीची तालीम चालू राहते. लेझीम म्हणजे लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना जोडलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या चकत्या आणि मध्ये धरायची मूठ. वाद्य आणि व्यायामाचे साधन हे दोन्ही एकाच वस्तूत आहे. ती हातात घेतली की ती वाजतेच, आणि हीच अडचण आहे: स्वस्थ उभे राहून लेझीम शांत ठेवणे नवख्या मुलाला जमत नाही. म्हणून पहिले दोन दिवस शिक्षक मुलांना फक्त ‘हुश्शार’ आणि ‘आराम’ करायला लावतात. आमच्या ध्वनिमुद्रणात त्या दोन दिवसांचा मोठा भाग निव्वळ छणछणाटाचा आहे.

त्यानंतर लेझमीच्या प्रकारांतला ‘चार आवाज’ येतो, मग ‘एक जागा’, ‘आघाडी’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’. हलगी लय देते. पाहणाऱ्याला पाय आणि वळणे दिसतात. शिकवणाऱ्याचे कान मात्र आवाजावर असतात. वाकून घेतलेला ठोका आणि ताठ उभे राहून घेतलेला ठोका सारखाच खणखणीत यायला हवा, आणि साठ-सत्तर लेझमींचा मिळून एकच आवाज व्हायला हवा. तो फुटला की कोणत्या ओळीत फुटला, हे शिक्षक पाठमोरे उभे राहूनही सांगतात. या दृश्यात ते तसेच पाठमोरे उभे आहेत. तिसऱ्या ओळीकडे त्यांनी बोट केले आहे, आणि तिसऱ्या ओळीतला तो मुलगा हसतो आहे.

[चार आवाज, सलग. निवेदन नाही.]

स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण आमच्याकडे कित्येक तासांचे आहे आणि त्यातले जवळजवळ काहीही इथे नाही. रंगमंचावरचे नाच, बक्षीस वितरण आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या शाळेत पाहिले आहे. आम्ही विंगेतला एकच प्रसंग ठेवला आहे. एकांकिकेत राजाचे काम करणाऱ्या मुलाची मिशी घामाने सुटली असून ती चिकटवायला जी मुलगी धावली आहे, तिच्या हाताला अजून हस्तलिखिताची काळी शाई आहे. पडदा वर गेला तेव्हा राजाच्या गालावर एक काळे बोट उमटलेले होते. पाहुण्यांच्या हस्ते अंकाचे प्रकाशन झाले आणि तो ग्रंथालयाच्या कपाटात गेला.

दहावीची मुले या चित्रफितीत कोठेच दिसत नाहीत. दिवाळीनंतर त्यांच्या सराव परीक्षा आणि जादा तास सुरू होतात, आणि ओढा, अंक, मैदान या तिन्ही ठिकाणी त्यांना मनाई नसली तरी मोकळीकही नसते. मागच्या वर्षी बंधाऱ्यावर सर्वांत वरचा थर यांनीच रचला होता, असे वही सांगते. खिडकीतून मैदानाकडे पाहणारा हा वर्ग त्यांचाच आहे.

[फेब्रुवारी. साहित्याची खोली.]

लेझमी मोजून पेटीत ठेवल्या जात आहेत. काहींच्या चकत्या निघाल्या आहेत, एकीचा दांडा चिरला आहे. त्या वेगळ्या ठेवून त्यांची यादी केली जाते. घमेली उपडी घालून भिंतीला लावली आहेत, दाभणे जुन्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आहेत. ओढ्यात बंधाऱ्याच्या मागे अजून पाणी आहे. जूनमध्ये पहिला मोठा लोंढा येईल आणि या गोण्या बहुधा त्याच्याबरोबर जातील. हा बंधारा दरवर्षी नव्यानेच घालावा लागतो.

नववीचा वर्ग पुढच्या वर्षी दहावीत असेल. त्यामुळे गोण्यांची वही आज आठवीच्या वर्गाकडे द्यायची आहे. देताना काही समारंभ झाला नाही. मधल्या सुटीत, व्हरांड्यात, एका मुलीने ती दुसरीच्या हातात ठेवली आणि फाटक्या गोण्यांबद्दल काहीतरी सांगितले, जे वाऱ्यामुळे आमच्या ध्वनिमुद्रणात नीट आलेले नाही. दुसरीने पायरीवर बसून कोरे पान उघडले, कंपासपेटीतून पट्टी काढली आणि चार रकाने आखायला घेतले.